गाडीची स्टेपनी सांभाळा



डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. आपल्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या कर्नाटकातूनही माल येतो. पुष्कळजण रात्रीच पिकअप नाहीतर कॅम्पर भरून निघतात. वाटेत धाब्यावर चहा होतो, थोडी झोप होते. पहाटे टायर बसला, जॅक लावला, खाली वाकून बघावं तर स्टेपनी गायब! साखळी नुसती लोंबते आहे. अशा वेळी नुकसान एका टायरचं राहत नाही. लिलाव चुकतो, माल पोत्यातच राहतो. आणि मिळेल तो झिजलेला टायर चढवून भरली गाडी हमरस्त्याला घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

स्टेपनी हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे? सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधील लानेली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ साली असं जादा चाक तयार होऊ लागलं. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं, ते आपल्याकडे आजतागायत टिकलं.

आता चोरी कशी होते ते पाहू. पुष्कळ गाड्यांची स्टेपनी मागे हौद्याखाली साखळीवर टांगलेली असते. दांडा घालून फिरवला की ती खाली येते. आपल्या सोयीसाठी केलेली ही रचना चोराच्याही सोयीची आहे. पुष्कळदा दांडा आणि पानाही गाडीतच उघडा पडलेला असतो. म्हणजे हत्यारही आपलंच! म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१. दांडा, पाना आणि जॅक केबिनमध्ये कुलपात ठेवावा.

२. जाड, कठीण पोलादी साखळी रिमच्या भोकातून आणि चॅसिसच्या आडव्या पट्टीभोवती घेऊन कुलूप लावावे. साखळी ताठ बसवावी, ढिली राहिली तर कापायला सोपी जाते. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग यांना ती घासता कामा नये.

३. कुलपाचे किल्लीचे भोक खाली ठेवावे. वर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा, म्हणजे चिखल जात नाही. महिन्यातून एकदा तेल घालून कुलूप उघडून पाहावे.

४. नट वेल्डिंग करून टाकू नयेत. चोर अडेल, पण रात्री पंक्चर झाल्यावर तुम्हीही अडाल. किल्ली गाडीच्या किल्लीबरोबरच ठेवावी, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी अडचण येत नाही.

५. मुक्काम उजेडात करावा आणि गाडीची मागची बाजू भिंतीला लावावी. ऊस वाहतुकीत ट्रॉली शेतात सोडून ट्रॅक्टर घरी नेत असाल, तर ट्रॉलीची स्टेपनीही बरोबर न्यावी.

६. निघण्यापूर्वी स्टेपनीची हवा तपासावी. जाग्यावर आहे पण हवा नाही, तर उपयोग काय?

आता ओळखीचं बघू. रिमवर आतल्या बाजूने ऑइलपेंटने गाडीचा नंबर लिहावा. टायरवर डाग देऊ नये की कापू नये, टायर कमजोर होतो. टायरच्या बाजूवरचा क्रमांक वहीत उतरवून बिलाजवळ ठेवावा, मोबाईलवर फोटोही काढावा. त्याच बाजूवर चार आकडे असतात, त्यांवरून टायर कधीचा ते कळतं. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा ३५ वा आठवडा. न वापरलेली स्टेपनीही जुनी होते, बरं का!

एवढं करूनही चोरी झालीच, तर ११२ वर कळवावे आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. टायरचा क्रमांक तक्रारीत जरूर लिहावा, नाहीतर चाक सापडलं तरी आपलंच आहे हे सांगणार कसं? मालवाहू गाडीच्या विम्यात नुसत्या स्टेपनीच्या चोरीची भरपाई सहसा मिळत नाही. तेव्हा पॉलिसीतील अटी आधीच विचारून घ्याव्यात.

आणि एक सांगतो. कुणी निम्म्या किमतीत बिनबिलाची स्टेपनी देऊ केली, तर घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हाही गुन्हा आहे. गिऱ्हाईकच नसेल, तर चोर तरी चाक नेऊन काय करील?

आज रात्री कंदील नाहीतर बॅटरी घेऊन एकदा गाडीखाली बघाच.