लपलेले आणि हरवलेले



आमच्या एकोडीसारख्या गावात पेन ड्राइव्ह म्हणजे खिशातली संदूकच. सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नाचे फोटो, माझ्यासारख्याच्या गझला, सारे त्यात. कधी तो संगणकाला लावावा, तर फोल्डरांच्या जागी नुसते बाणाची खूण असलेले शॉर्टकट दिसतात. माणूस घाबरतो. कुणीतरी सांगतो, ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारा.’ श्रोतेहो, इथे जरा थांबा.

असा व्हायरस बहुधा फाइली पुसत नाही. तो त्यांच्यावर ‘हिडन’ अशी खूण करतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे उभा करतो. त्यावर क्लिक केले की व्हायरसच चालू होतो. तेव्हा क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसने तपासणी करा. मग विंडोज १० असेल तर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करा. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘हिडन आयटम्स’. एवढ्यानेही फोल्डर दिसले नाहीत, तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मधील ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची खूण काढा. फोल्डर दिसले की आतल्या फाइली संगणकावर नव्या फोल्डरात उतरवून घ्या. त्या उघडतात, याची खात्री झाल्यावरच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. काढलेली खूण मात्र आठवणीने परत लावा.

कारण लपवण्याची ही सोय मुळात आपल्या भल्यासाठी आहे. संगणक ज्या फाइलींवर चालतो, त्या नजरचुकीने पुसल्या जाऊ नयेत म्हणून त्या झाकलेल्या असतात. लिनक्समध्ये तर फाइलीच्या नावाआधी एक टिंब दिले की ती नजरेआड होते. एका टिंबाने अर्थ बदलतो, हे आम्हा कवींना नवे नाही!

पण लपवणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. बँकेचा पासवर्ड एखाद्या फाइलीत लिहून ती ‘हिडन’ केली, तर घरातले शाळकरी पोरही दोन क्लिकमध्ये ती उघडेल. गुप्त ठेवायचे त्याला पासवर्डचे संरक्षण द्या. जपायचे त्याची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि फाइल दिसली नाही, तर ती गेली असे मानण्यापूर्वी ती लपलेली तर नाही ना, एवढे एकदा पाहून घ्या.