ओटा मीच फोडला

माझी अम्मी यवतमाळच्या आमच्या मोहल्ल्यातून बाजारात पायीच जायची. अंतर पंधरा मिनिटांचे, पण तिला पाऊण तास लागे. वाटेत खाली दुकान, वर घर अशी दुमजली घरे होती आणि प्रत्येकाला ओटा. गुडघे दुखले की ती ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची, खुशाली विचारायची. वरच्या खिडकीतून कुणी हाक मारी, ‘चाची, ऊन उतरू द्या, मग जा!’

हळूहळू त्या जागी चार मजली इमारती आल्या. मजल्यांवर माझा राग नाही. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे, की पाच मजल्यांच्या वर गेले की माणसाचे रस्त्याशी नाते तुटते. त्याखाली चेहरा ओळखू येतो, हाक ऐकू येते. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींत बैठ्या उंचीच्या इमारती आणि झाडांची सावली आहे. तिथे आजही पायी फिरावेसे वाटते.

आमच्याकडे बिघडले ते तळमजल्यावर. तिथे आता गाड्या, लोखंडी फाटक आणि कोरी भिंत. शंभर पावले चालले तरी टेकायला जागा नाही, ओळखीचा चेहरा नाही. पदपथावर किमान १.८ मीटर वाट मोकळी असावी, असे इंडियन रोड काँग्रेसचे मानक आहे. आपण मात्र गटारावरच्या फरश्यांवरून तोल सावरत चालतो, तेही विदर्भाच्या उन्हात.

दोष इतरांचाच नाही. घर नव्याने बांधताना मोटारसायकल आत घेण्यासाठी आमचा ओटा मीच फोडला. अम्मी काही बोलली नाही. पण त्यानंतर ती संध्याकाळी दारात बसेनाशी झाली आणि पुढे बाजारात जाणेही सुटले. मी गुडघ्यांना बोल लावत राहिलो.

अम्मी गेल्यावर मी ओटा पुन्हा बांधला. आपल्याच हद्दीत, दोन हात रुंद. वर छज्जा काढला, शेजारी कडुनिंब लावला. शाळेतली मुले बसतात, भाजीवाली टोपली टेकवते. घर बांधणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे : मजले हवे तेवढे नियमात चढवा, पण नकाशा काढून घेताना रस्त्याकडच्या बाजूला एक ओटा आणि एक झाड मागून घ्या. आपली अम्मी चालती आहे, तोवरच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)