पुरावा बोलतो, पण किती?
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जपलेल्या आहेत. डोळ्याचे चित्र, लक्षणे आणि केलेले उपचार त्यांत आढळतात. केवळ 'रोगी बरा झाला' एवढे लिहून ते वैद्य थांबले नाहीत. म्हणूनच दोनशे वर्षांनंतरही त्यांचे काम तपासता येते.

न्यायसहायक विज्ञानात संख्याशास्त्राची मागणी नेमकी हीच आहे. तंजावरएवढ्या, सुमारे २ लाख वस्तीच्या शहरात एखादे रक्तलक्षण १०,००० माणसांत एकाचे असेल, तर ते २० जणांत सापडेल. दुसरा पुरावा नसताना, त्यांतल्या एकाला 'हाच गुन्हेगार' म्हणणे न्याय्य नव्हे.

ही चूक किती महाग पडते, हे इंग्लंडमध्ये दिसले. दोन तान्ही मुले दगावल्यावर १९९९ मध्ये सॅली क्लार्क या मातेला जन्मठेप झाली. असे दोन नैसर्गिक मृत्यू ७ कोटी ३० लाखांत एकदाच घडतात, असे तज्ज्ञाने सांगितले होते. एका घरातील दोन मृत्यूंचा परस्परांशी संबंध असू शकतो, हे त्या गुणाकारात विसरले गेले. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर आक्षेप घेतला. न्यायालयापुढे न आलेला वैद्यकीय अहवाल उजेडात आल्यावर २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. मात्र ती माता त्या आघातातून सावरली नाही. २००७ मध्ये तिचे निधन झाले.

पुराव्याचे वजन कसे करावे, याचे शास्त्र मराठी माणसाला परके नाही. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजमध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांचे शिष्य होते. पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी संख्याशास्त्राचे अध्यापन रुजवले. जेफ्रीज यांच्याच विचारपरंपरेतील डेनिस लिंडले यांनी १९७७ मध्ये संशयिताच्या कपड्यांवरील काचेचे कण घटनास्थळीच्या काचेशी जुळतात, याला किती महत्त्व द्यावे, याचे गणित मांडले. हे कण त्याच काचेचे असतील तर असा पुरावा मिळण्याची शक्यता किती, आणि दुसऱ्या काचेचे असतील तर किती, या दोहोंची तुलना हा त्याचा गाभा होय.

आज ठसे व हस्ताक्षरे यंत्रे पडताळू लागली आहेत. यंत्राने 'जुळले' म्हटले, तरी कोणत्या खुणांवरून आणि चुकण्याचा संभव किती, हे त्याने उलगडलेच पाहिजे. स्पष्टीकरणक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोजन तेच. कारण न सांगणाऱ्या यंत्राची उलटतपासणी कोणता वकील घेणार?

गणिताच्या वहीत आपले गुरुजन उत्तराबरोबर रीतही मागतात. ती सवय सोडू नका. एखाद्या दिवशी तुमच्या रीतीवर कोणाचे तरी आयुष्य अवलंबून असेल.