चिटाचे कापड आणि फ्रान्सचा राजा



आमचे शिक्षण शाळेपेक्षा नगरवाचनालयात अधिक झाले, आणि उमर गेली सूतकापडाच्या धंद्यातल्या माणसांत. तेव्हा फ्रान्सवरील पौर्वात्य प्रभावाविषयी बोलताना आमचा हात ग्रंथांआधी कापडाकडे गेला, तर आपण नवल करणार नाही.

सतराव्या शतकात हिंदुस्थानातले रंगीत नक्षीचे सुती कापड मार्सेय बंदरातून फ्रान्समध्ये पसरू लागले. आपण ज्याला चीट म्हणतो तेच हे. फ्रेंचांनी त्याचे नावच ठेवले ‘अँदियेन’, म्हणजे हिंदुस्थानी. तिकडची लोकर जड, रेशीम महाग; हे कापड हलके, आणि कितीही धुतले तरी रंग कायम. १६७० साली मोलिएरने एका नाटकात उमरावांची नक्कल करणारा नवश्रीमंत शेठ रंगविला. तो अंगात अँदियेनचा झगा घालून मिरवतो. रंगभूमीवर थट्टा होऊ लागली की ती वस्तू समाजात रुजली असे खुशाल समजावे.

रेशीमवाले आणि लोकरवाले यांनी ओरड केली, आणि २६ ऑक्टोबर १६८६ रोजी चौदाव्या लुईच्या दरबारातून हुकूम निघाला : हे कापड आणावयाचे नाही, आणि देशात छापावयाचेही नाही, छपाईचे ठसे फोडून टाका. येथे आम्हांला थोडे थबकावे लागते. परक्या मालाने माग बंद पडेल, ही विणकराची भीती खोटी नव्हती. तिला हसण्याचा अधिकार निदान आम्हांला तरी नाही. पण एका कारागिराची भाकरी राखण्यासाठी दुसऱ्याचे ठसे फोडणे, हा कुठला न्याय? प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांवर तर १६८५ पासून धर्माच्या नावाने गदा आलेलीच होती. त्यांच्यातले कित्येक छपाईवाले आपली विद्या घेऊन स्वित्झर्लंडला गेले, आणि तेथला माल चोरवाटांनी पुन्हा फ्रान्समध्येच येऊ लागला!

बंदी ७३ वर्षे टिकली. चिटाचा झगा अंगावर दिसला की बाईला दंड होई. १७२६ साली चोरट्या व्यापाराच्या शिक्षा वल्ह्याच्या जहाजांवरील सक्तमजुरीपर्यंत, देहदंडापर्यंत चढविल्या गेल्या. आणि पंधराव्या लुईची लाडकी मादाम द पोंपादूर? तिच्या बेलव्ह्यूच्या वाड्यात याच चोरट्या चिटाची सजावट होती. तेथे कोण शिपाई जाणार?

बंदीच्या काळातच विद्येचा शोध चालू होता. कोरोमंडल किनाऱ्यावरील कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने १७४२ साली रंगाची सारी कृती पत्रात लिहून पाठविली. कापड हिरडा आणि म्हशीचे दूध यांत भिजवायचे. तुरटीच्या पाण्याने नक्षी काढायची. मग रंगाच्या मुळ्यांबरोबर उकळायचे. तुरटी लागली असेल तेथेच तांबडा रंग धरतो. निळा हवा तेवढा भाग सोडून बाकीच्यावर मेण, आणि मग निळीच्या पिंपात बुडी. हे त्याने आपल्याच कळपातल्या बाटलेल्या रंगाऱ्यांना खोदून खोदून विचारले होते. संस्कृत आणि लॅटिन यांचे नाते ओळखणारा तो हाच पाद्री. माणूस विद्वान खरा. पण ज्यांनी त्याला शिकविले त्यांची नावे आमच्या वाचनात कोठे आली नाहीत.

१७५९ साली बंदी उठली. लगेच १ मे १७६० रोजी ओबेरकांफ नावाच्या जर्मन कारागिराने व्हर्सायजवळ जुई गावी पहिले ठाण छापले. (आपला कामगारदिन त्यानंतर १३० वर्षांनी आला!) त्याचा कारखाना १७८३ साली राजमान्य झाला. १८०६ साली नेपोलियनने त्याला बिल्ला दिला. तेथे बायका कुंचल्याने बारीक रंग भरीत. ठसा उमटविणाऱ्याला रंग पसरून देण्याचे काम लहान पोरे करीत. १७९७ मध्ये तांब्याच्या रुळाचे यंत्र आले आणि हातठशाचे काम त्याच्या पोटात जाऊ लागले.

नांत बंदराची कथा मात्र ऐकवत नाही. तेथल्या छपाईच्या चिटाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोठे गिऱ्हाईक होते. जहाजे तेथे चीट उतरवीत, मोबदल्यात माणसे भरीत, आणि ती माणसे कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत विकीत. हिंदुस्थानी कापडही याच सौद्यात जाई. कोरोमंडलच्या रंगाऱ्याला आपले ठाण कुठे निघाले याची कल्पना असणे शक्य नव्हते. नांतच्या व्यापाऱ्याला ती पुरेपूर होती.