पाटीवरचे घोडे



विहिरीवरच्या इंजिनाच्या पाटीवर '१० अश्वशक्ती' असे कोरलेले असते. आपण म्हणतो, दहा घोड्यांचे इंजिन. पण हे घोडे मोजले कशा हवेत? भर उन्हाळ्यात उसाला पाणी पुरेनासे झाले, की नेमके हेच कळायला हवे असते.

इंजिन कशाच्या जोरावर चालते? तुम्ही म्हणाल, डिझेलच्या. अर्धे खरे! डिझेल जाळायला प्राणवायू हवा, आणि सिलिंडर हवा ओढतो ती मापाने, वजनाने नव्हे. पायली तीच, पण आत ज्वारी आहे की भुसा, यावर वजन ठरते ना? तसेच हे. उंचावर हवा विरळ, तापली की विरळ, आणि दमट असली तर वाफ प्राणवायूची जागा अडवते.

म्हणून मोजणीची हवा ठरवून द्यावी लागली. आय. एस. ओ. ३०४६ या आंतरराष्ट्रीय मानकात दाब १०० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे सुमारे ७५० मिलिमीटर, उष्णमान २५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता शेकडा ३० धरली आहे. चाचणी कुठेही घ्या, आकडा हिशेबाने या हवेवर आणायचा.

आता दहा घोड्यांचे, टर्बो नसलेले इंजिन महाबळेश्वरला न्या. उंची सुमारे १,३५० मीटर, दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास. घोडे उरतात साधारण साडेआठ. एखादा हौशी मिस्त्री जादा डिझेल सोडून तूट भरू पाहतो, आणि निघतो काळा धूर. कंदिलाची वात फार वर केली की काच काजळते, तोच प्रकार! (गुरुजींनी वर्गात हे जरूर दाखवावे.) विदर्भातल्या बेचाळीस अंशांच्या दुपारीही शेकडा चार-पाच जोर असाच जातो.

अमेरिकेत तर १९७२ पूर्वी मोटारींची शक्ती पंखा, सायलेन्सर वगैरे लटांबर न जोडता मोजून जाहिरातीत छापत. ते जोडून मोजू लागताच कागदावरचे घोडे एकदम घटले; इंजिन मात्र पुष्कळदा तेच होते.

आणखी एक. दहा घोडे किती वेळ? त्याच मानकाप्रमाणे सततच्या शक्तीपेक्षा शेकडा दहा जादा भार बारा तासांत एकूण एकच तास चालतो. तेव्हा दुकानदार 'अकरा' म्हणाला, तर सततचे की तासाभराचे, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. किलोवॅट लिहिले असतील तर एका किलोवॅटचे १.३४ घोडे धरावेत.