प्रायमर लावण्यापूर्वी ट्रॉलीच्या पत्र्याची तयारी



उसाचा हंगाम संपला की ट्रॉली बांधावर उभी राहते. तिच्या तळात खताचे दाणे, उसाचा रस आणि माती साचलेली असते. खतातला क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि पत्रा आतून खातो. मग आपण पावसाळ्याच्या तोंडावर वरून रंग फासतो. दिवाळीपर्यंत त्याला फुगे येतात, पोपडे सुटतात. दोष रंगाचा नसतो. रंगाखाली राहिलेल्या गंजाचा, क्षाराचा आणि तेलकटपणाचा असतो.

म्हणून आधी काय करायचं ते ऐका.

पहिलं काम धुण्याचं. धुण्याची पावडर टाकलेल्या पाण्याने ट्रॉली घासा, सांधे आणि कोपरे विशेष. मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि उन्हात कडक वाळू द्या. ग्रीस, ऑइलचे डाग थिनरच्या फडक्याने पुसा. हे गंज घासण्याच्या आधीच करायचं, नाहीतर घासताना तेच तेल पत्रभर पसरतं. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. पेट्रोल तर मुळीच नको, भडका उडेल. थिनरजवळ विडी-काडी आणू नका.

दुसरं काम गंज काढण्याचं. पोपडे खरवडा, वेल्डिंगचा मळ हातोडीने ठोकून काढा. मग तारेचा ब्रश मारा आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. पत्रा उजळ दिसला पाहिजे, पण आरशासारखा गुळगुळीत नको. बारीक ओरखडे राहिले तरच प्रायमरला धरायला जागा मिळते. उघड्या पत्र्यावर पाणी लावून घासू नका, गंज लगेच परत येतो. आजूबाजूचा टिकून राहिलेला जुना रंग कडेला उतरता घासा, पायरी ठेवू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तेव्हा नाकातोंडाला चांगला मास्क आणि डोळ्याला चष्मा लावा, आणि मुलांना लांब ठेवा.

पत्रा टोकरून पाहा. टोचा आरपार गेला, तर तिथे रंग नको, नवा तुकडा जोडा. तळ कुजलेला असेल तर भरलेली ट्रॉली रस्त्यात दगा देईल.

आता परीक्षा. पत्र्यावर थोडं पाणी शिंपडा. थेंब गोळा होऊन राहिले तर तेल अजून आहे. पाणी सपाट पसरलं तर पत्रा स्वच्छ. ते पाणी लगेच पुसून वाळवा. शेवटी धूळ झटका, एका फडक्याने थिनर लावा आणि तो उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. यानंतर पत्र्याला उघडा हात लावू नका, घामातही मीठ असतं.

प्रायमर त्याच दिवशी, काही तासांतच मारा. दव पडलेल्या सकाळी किंवा पावसाळी हवेत हे काम नको. एका दिवसात सगळी ट्रॉली होणार नसेल, तर एकेक फाळका घ्या. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर साधा रेड ऑक्साइड नीट धरत नाही. त्यासाठी दुकानात एच प्रायमर मागा. आणि नुसत्या रेड ऑक्साइडवर पावसाळा काढू नका. तो पाणी पूर्ण अडवत नाही, वरून रंगाचा हात हवाच.

रंगाला लागतो एक दिवस, तयारीला लागतात दोन. पण ट्रॉलीचं आयुष्य त्या दोन दिवसांत वाढतं.