जमिनीचा धंदा आणि बहिणींच्या सह्या

(रत्नागिरीतील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी एका गृहस्थाच्या कर्तबगारीविषयी बोलणार आहे. नाव सांगत नाही, तुमच्या गावातही तो असेलच. आधी आंब्याच्या पेट्यांचे हिशोब लिहायचा, मग तलाठी कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहू लागला. कुणाच्या सातबाऱ्यावर किती नावं, कोण मुंबईला, कोण वारलं आणि वारसनोंद राहिली, हे सगळं त्याला पाठ. हेच त्याचं भांडवल. आज तो स्वतःला गुंतवणूकदार म्हणवतो.

आपल्याकडे चार एकर कातळ आणि त्यावर तीस नावं. पावसाळ्यात गवत, एरवी नुसता सडा. भाऊ म्हणतात, दगडच तर आहेत! पण प्रकल्पाचा वास ज्याला आधी लागतो, त्याला तेच दगड सोन्याचे. नाणार परिसरात रिफायनरीची अधिसूचना २०१७ साली निघाली. त्याआधीच बाहेरच्यांनी तिथे जमिनी घेतल्या, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. २०१९ साली अधिसूचना रद्द झाली, मग बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. रिफायनरी आणि जमीन व्यवहारांविषयी लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात गाडीने चिरडलं. खुनाचा गुन्हा दाखल झाला. एप्रिलमध्ये माती परीक्षण रोखायला बारसूत बाया पोलिसांच्या गाड्यांपुढे आडव्या पडल्या. त्यांच्यापैकी कितीजणींचं नाव सातबाऱ्यावर होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून टोचतो आहे.

कारण गुंतवणूकदाराला तीस सह्या नको असतात. त्याला एकटा भाऊ हवा असतो. म्हणून बहिणींची हक्कसोडपत्रं आधी.

माझंच सांगते. गणपतीला माहेरी गेले होते. निघायच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "बाय, उद्या जरा रजिस्टर कचेरीत येऊन जा." मी कागद वाचायला मागितला तर वहिनीचा चेहरा उतरला. मी सही केली. चळवळीत दहा वर्षं काम केलेली, दुसऱ्या बायकांना कायदा समजावणारी मी! मला साडी मिळाली. दादाने तो तुकडा या गृहस्थाला कवडीमोलाने दिला आणि दोन वर्षांत त्याने तो कित्येक पटींनी पुढे विकला. दादाही फसला, पण आमचं बोलणं अजून मोकळं नाही.

महाराष्ट्रात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. २००५ साली केंद्राच्या कायद्याने ती अट गेली. २००५ साली वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. माझ्या मते हक्क जसा पक्का झाला तशी सह्यांची घाईच वाढली.

तेव्हा कागद घरी न्या, आठ दिवस मागा. विकायचंच ठरलं तर हक्क सोडू नका. खरेदीखतावर विकणारी म्हणून सही करा आणि हिश्शाचा चेक स्वतःच्या नावाने घ्या. फेरफाराची नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते, तेव्हा शेजारणीला सांगून ठेवा. पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

जेवणानंतर मागच्या पडवीत बसू. सातबारे आणलेत त्यांनी यावं. चष्मा विसरला असेल तर माझा आहे.